सासूबाईंच्या गालावरची वाळू

सासूबाईंच्या तोंडावर कुणीतरी मूठभर वाळू मारलीय, कॉम्प्युटरवर असंच दिसत होतं. जावयानं डोळे चोळून पुन्हा बघितलं. स्टुडिओ त्याचा, स्कॅनर त्याचा, आणि सासूबाईंच्या फोटोची जुनी फिल्मची स्लाइड सासऱ्यांची. एकुलती एक. लग्नाआधी पहिल्या भेटीत त्यांनी स्वतः काढलेली. संध्याकाळी लग्नाच्या पन्नाशीला हॉलच्या दारात हाच फोटो पुरुषभर उंच लागणार होता.

"केस न् केस दिसतो त्यात," सासऱ्यांनी बजावलं होतं. "हात कसा, दगड! पोरगी समोर बसलेली, पण आपल्याला काही म्हणजे काही वाटलं नाही. बिघडवलात तर बघा, जावईबापू."

बोटभर स्लाइडमध्ये सगळं झकास दिसायचं. मोठं केलं की फिल्मचे दाणे अंगावर यायचे. त्यानं कॉम्प्युटरवर फोटोची धार वाढवून बघितली. चेहरा होता तसाच पुसट, धार चढली दाण्यांना. वाळूची खडी झाली. मग दाणे पुसायचं बटण दाबलं. दाणे गेले, त्यांच्याबरोबर भुवयाही गेल्या.

"अहो, ही माझी आई आहे का साबणाची वडी?" मागून बायको म्हणाली.

"ठेवावेत तर खडी, काढावेत तर साबण! करू काय मी?"

"मला काय विचारता? बाबांना तोंड तुम्ही द्यायचंय."

स्लाइड पुसली, काच पुसली, घाम पुसला. दाणा न् दाणा वेचून घ्यावा इतका स्पष्ट, आणि सासूबाई धुक्यात. शेवटी वेळ संपली. देवाचं नाव घेऊन त्यानं वाळूवालाच फोटो छापला.

हॉलच्या दारात सासरे कडाडले, "हे काय केलंत? मशीन आहे का भंगार?"

जावयाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तेवढ्यात सासूबाई चष्मा चढवून फोटोला नाक लावून उभ्या राहिल्या.

"हे बारीक ठिपके कसले हो?"

"फिल्मचे दाणे, आई. फिल्ममध्येच असतात ते."

"ते तर चांगले लख्ख दिसतायत. म्हणजे मशीनला नीट दिसतंय. मग मीच तेवढी हललेली कशी?"

त्यांनी चष्मा पदरानं पुसून पुन्हा बघितलं.

"मी तर भीतीनं खिळा ठोकल्यासारखी बसले होते." त्या नवऱ्याकडे वळल्या. "थरथरत होतात की हो तुम्ही! आणि इतकी वर्षं सांगताय, काही वाटलं नाही म्हणून?"

सासऱ्यांचे कान लालबुंद झाले. "मशीन भंगार आहे," ते पुटपुटले, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी जावयाकडे गयावया करून बघितलं.

"भंगारच आहे, बाबा," जावई म्हणाला.

"असू दे भंगार," सासूबाई म्हणाल्या. "पाहुणे गेले की हा फोटो आमच्या खोलीत लावा. ह्यांना डोळे उघडल्या उघडल्या दिसेल असा."