महासंकटाआधी की नंतर

सभा पाचला होती, आणि चार वाजता घड्याळदुरुस्तीवाल्या काकांचे बारा तक्ते दोरीवरून गायब होते.

बायबलप्रमाणे जगाच्या अंताला काय कशानंतर होणार, ते काकांनी त्या तक्त्यांवर रंगवून वाळत घातले होते: देवदूतांचे कर्णे, महासंकट, हजार वर्षांचे राज्य. वाद होता तो एकाच तक्त्याचा. प्रभू आपल्या लोकांना महासंकटाआधी वर उचलून घेणार, असे काका म्हणत. संकटानंतर, असे चर्चमधले शिंपी. आठ वर्षे दोघांनी एकमेकांचे डोके खाल्ले होते. आज प्रथमच काकांना भर मंडळीत बोलायला मिळाले होते.

"तक्ते कुठायत?"

"थेंब पडायला लागले, म्हणून पिशवीत ठेवलेत," काकू म्हणाल्या. "एकावर एक."

"क्रमानं?"

"क्रमानंच हो."

तक्त्यांवर आकडे नव्हते. घड्याळाचे सगळे स्क्रू डोक्यात ठेवणाऱ्या माणसाला आकडे कशाला? पण तपासायला वेळ नव्हता. पाळक दारात गाडी घेऊन उभे होते.

सभागृहात काका एकेक तक्ता भिंतीला लावत बोलू लागले. पाचवा लावला तर तो महासंकटाचा. सहावा हातात आला. त्यावर माणसे वर चालली होती, म्हणजे महासंकटानंतर, अगदी शिंप्यांच्या मताप्रमाणे. थांबावे तर हसे होणार. त्यांनी तो लावला.

पहिल्या बाकावरचे शिंपी उठले.

"मत बदलायला मोठं मन लागतं," ते म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शिंपी मात्र बसेनात. "पण आता माझं काय? परवा मी सगळं पुन्हा वाचलं आणि तुमच्या बाजूला आलो. आज सांगणारच होतो. तुम्ही इकडे आलात, मी तिकडे एकटा पडलो."

खरे सांगावे तर अब्रू जाणार, गप्प बसावे तर जिंकलेला वाद जाणार. काकांनी केविलवाणे होऊन मागे बसलेल्या काकूंकडे पाहिले.

"तो वर जाणाऱ्यांचा ओला होता," काकू जागेवरूनच म्हणाल्या. "म्हणून दोरीवरून पुढचा आधी काढला."

सगळे हसले. शिंपी गोंधळले. "मग वहिनी, आधी की नंतर?"

"मला काय माहीत? पण जायचंय तुम्हा दोघांना बरोबरच ना? मग बसा, आणि यांना बोलू द्या."

शिंपी बसले. काकांनी दोन्ही तक्त्यांची अदलाबदल केली, तेव्हा रंग अजून बोटांना लागत होता.