हौदाचं राज्य

पोरगं बिघडलं ते लातूर जिल्हा झाल्यापासून, असं सरजाबाईचं ठाम मत होतं. मारोती नव्या जिल्ह्याच्या एका कचेरीत कारकून लागला आणि आईला चारचौघांत कायदा शिकवू लागला.

भांडण हौदाचं होतं. रेणापूरजवळच्या त्या वस्तीत दुष्काळामुळे दोन दिवसांआड टँकर येऊन हौद भरून जाई. मग सरजाबाई तोटीपाशी पाट टाकून अकरा घरांना पाणी वाटी. कुणाला किती, ते तोंडाकडे बघून ठरे. तिच्या गाभण म्हशीच्या दोन घागरी मात्र कायमच्या. म्हैस आठवड्याभरात व्यायची होती. पाण्यावाचून ती पोटातल्या रेडकासकट गेली असती.

"आई, ही निजामशाही हाय," मारोती म्हणाला. "निजाम जाऊन जमाना झाला. आता मतदान हुईल."

"मग म्हशीचंबी मत घे."

"म्हशीला मत नसतं."

"तहान असती का न्हाई, भाड्या?"

मतदान झालं. अकरा घरांतून अकरा उमेदवार उभे राहिले आणि प्रत्येकाला एकेक मत पडलं. मग अकराही जणांचं मिळून सरकार बसलं. जनावराला हौदाचं पाणी नाही, हा ठराव चुटकीसरशी झाला. तोटीपाशी कोण बसणार, यावर मात्र सकाळ गेली. शेवटी अकरांतल्या शकिलानं हंडा उपडा घातला, त्यावर उभी राहिली आणि म्हणाली, "मी पाठिंबा काढला!"

"कशाचा?"

"ते मला ठाव न्हाई. पर काढला!"

सरकार पडलं. तसे फौजेतून परतलेले हवालदार गुरुपादप्पा काठी घेऊन हौदावर चढले.

"सावधान! जो बोलंल तो रांगंच्या शेवटी!"

अकरा घरं घागरी डोक्यावर घेऊन ताठ झाली. पण गप्प बसणं या वस्तीच्या रक्तातच नव्हतं. जो तो शेवटी जात राहिला आणि घटकाभरात रांगेला पुढचं टोकच उरलं नाही.

तेवढ्यात टँकर आला. ड्रायव्हर जिलानी कागद घेऊन उतरला. "सही कोन करनार?"

"मी!" अकरा जण ओरडले. गुरुपादप्पांनी काठी आपटली.

"ह्यात एकच नाव हाय," जिलानी म्हणाला. " सरजाबाई. तिचा अंगठा पडल्याबिगर पाइप सुटत न्हाई."

"नाव बदल की मग!"

"जिल्ह्याची चिठ्ठी आना. पंधरा दिस लागत्यात."

"कुन्या गाढवानं काढला हा नियम?" गुरुपादप्पा गरजले.

जिलानीनं कागद त्यांच्यापुढे धरला. खाली मारोतीची वळणदार सही होती.

सगळी वस्ती सरजाबाईच्या ओट्यापुढे आली. ती अंगठा पदरात गुंडाळून बसली होती.

"आई, दे की अंगठा," मारोती पुटपुटला.

"मी कोन? माझ्या म्हशीला मत न्हाई, मला राज न्हाई."

"म्हशीला दोन घागरी. पहिल्या."

"आन ठराव?"

"रद्द!" अकरा मंत्र्यांनी हात वर केले. गुरुपादप्पांनी काठीसकट केला.

अंगठा पडला, पाइप सुटला. पहिली घागर म्हशीनं एका दमात संपवली. मारोती मान खाली घालून निघू लागला, तशी सरजाबाईनं हाक मारली.

"मारोत्या, थांब. निजाम गेला, मंत्री पडले, हवालदार उतरला, मीबी एक दिस मरून जाईन. हलत न्हाई तो कारकून. खरं राज तुजंच हाय मेल्या, आन तुला पत्ता न्हाई. उचल आता दुसरी घागर, सरकार!"