डुकराच्या तोंडची पावती

घाबरते कोण? मी? कोरियातल्या आमच्या मोक्पो बंदराच्या मासळीबाजाराबाहेर वर्षानुवर्षं विनापरवाना खाण्याची गाडी लावलीय मी! पालिकेचा ट्रक वळणावर दिसला, की उकळत्या रश्श्यासकट गाडी ढकलत मी गल्लीत गडप. थेंब सांडायचा नाही. पण कायदेशीर व्हायचं ठरवलं आणि माझी झोपच उडाली.

पालिकेने योजना काढली होती. गाडी जमा करा, दुकानाचा परवाना घ्या. मी मोठ्या तोऱ्यात गाडी देऊन बसले. आता तपासणीत नापास झाले तर गाडीही नाही आणि दुकानही नाही!

त्यात सासूबाई! पूजेशिवाय नवं दुकान उघडायचं नाही म्हणाल्या आणि डुकराचं उकडलेलं मुंडकं घेऊन आल्या. चांगलं हसरं बघून निवडलेलं. येईल त्याने त्याच्यापुढे वाकायचं, तोंडात नोट खोचायची, म्हणजे धंद्याला बरकत येते. माझ्या नवऱ्याने, दोक्सूने, पहिली नोट खोचली आणि तेवढ्यात पालिकेच्या तपासणी अधिकारी, बान बाई, दारात! ठरल्या वेळेच्या तासभर आधी! दोक्सूने मुंडकं उचललं आणि फ्रिजमध्ये कोंबलं.

बाई अगदी पोरसवदा, नोकरीत नवीन. त्यांनी नळ पाहिला, मोरीची जाळी पाहिली, मान डोलावली. मग फ्रिज उघडला. आत डुक्कर हसत होतं, तोंडात नोट धरून.

"हे कुणासाठी?" बाईंनी विचारलं.

भीतीने माझी जीभच घसरली. "तुमच्यासाठीच, बाई."

बाई पांढऱ्याफटक पडल्या. त्यांना वाटलं, लाच! मला तर दुकानाला लागलेलं कुलूपच दिसायला लागलं.

"अगं पोरी, त्यातून घ्यायचं नसतं, त्यात घालायचं असतं," सासूबाई म्हणाल्या. "वाक आणि खोच."

बाईंच्या जिवात जीव आला. त्याही मोक्पोच्याच. त्यांनी कागदावर 'पास'चा शिक्का मारला, रीतसर दोनदा वाकल्या आणि नोट खोचली. मग त्यांच्यातला अधिकारी जागा झाला. दुकानात पैसे दिले म्हणजे पावती हवीच, म्हणाल्या. आमच्या पावतीच्या नव्या मशीनला पूजा कुठली कळायला? दोक्सूने 'फिशकेक, एक प्लेट' असं बटण दाबलं. आमची पहिली पावती! मला रडूच यायला लागलं.

बाईंनी पावती वाचली. पुन्हा वाचली.

"परवाना उद्यापासून लागू आहे," त्या हळूच म्हणाल्या. "आज विक्री म्हणजे गुन्हा."

शिक्का मारलेला कागद मी घट्ट छातीशी धरला.

"आणि विकत घेणाऱ्याचं काय गं?" सासूबाईंनी विचारलं.

बाईंनी दाराकडे पाहिलं. कुणी नव्हतं. त्यांनी पावतीची बारीक घडी केली, डुकराच्या तोंडात पार आतवर ढकलली आणि पुन्हा वाकल्या. आधीचे दोन नमस्कार रीतीचे होते. हा मात्र मनापासून होता. मीही त्यांच्या शेजारी लोटांगण घातलं.