पात्याचं टोक

मिक्सर थांबला तेव्हा सासूबाईंचे डोळे घट्ट मिटलेले होते आणि दोन्ही हात झाकणावर असे दाबलेले, जणू आतून कोणी बाहेर यायला बघतंय. गोठलेला अननस दळताना असा आवाज होतो हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. आधी गोट्या, मग खडी, मग एक जोरदार "कडाक्", आणि त्यानंतर मात्र मऊ गुरगुर.

सॉर्बे, म्हणजे फळांचं बिनदुधाचं आइस्क्रीम, करणं तसं काहीच अवघड नव्हतं. फळाच्या फोडी आदल्या दिवशी फ्रीजरमध्ये टाकायच्या, साखर-लिंबू घालून मिक्सरमधून काढायच्या आणि परत फ्रीजरमध्ये. संध्याकाळी सुनेचे साहेब सपत्नीक चहाला यायचे होते. सून एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी आणि साहेब म्हणजे त्या सगळ्या सुरक्षेचे मुख्य. तीन महिन्यांपूर्वी सासूबाई रिकामं पातेलं गॅसवर विसरल्या होत्या. तेव्हापासून स्वयंपाकघरात जागोजागी पिवळ्या चिठ्ठ्या होत्या: 'गरम', 'धार', 'आधी बटण बंद'. सून एका शब्दानं बोलली नव्हती. बोलली असती तर बरं, असं सासूबाईंना वाटायचं. चिठ्ठ्यांशी भांडता येत नाही.

"गोडाचं माझ्यावर सोड," त्या काल म्हणाल्या होत्या.

"काय करणार आहात, आई?"

"थंड. गॅस लागतच नाही."

सुनेनं जरा विचार केला आणि मान डोलावली. तीन महिन्यांत पहिल्यांदा स्वयंपाकघर सबंध त्यांच्या ताब्यात आलं होतं.

मिक्सरवरही एक चिठ्ठी होती. 'बर्फ घालू नये.' पण अननस म्हणजे काही बर्फ नव्हे, असा निवाडा सासूबाईंनी सकाळीच देऊन टाकला होता. शिवाय मिक्सर त्यांचाच. वीस वर्षं वापरून सुनेच्या हवाली केलेला.

मिश्रण डब्यात काढून त्यांनी भांडं धुवायला घेतलं आणि पात्यावरून बोट फिरवताना थबकल्या. चार पात्यांपैकी एकाचं टोक नव्हतं. तांदळाच्या दाण्याएवढं गेलेलं.

डब्यातलं पिवळंधमक सॉर्बे निरागसपणे त्यांच्याकडे बघत होतं.

त्यांनी धाकट्या बहिणीला फोन लावला. ती निवृत्त नर्स.

"कुणाच्या पोटात लोखंड गेलं तर काय होतं गं?"

"कोणाच्या?"

"कोणाच्याच नाही. सहज विचारतेय."

"ताई, सकाळी अकरा वाजता लोखंडाबद्दल कोणी सहज विचारत नाही."

मग सगळं सांगावं लागलं.

"एवढासाच तुकडा असेल तर बहुतेक आपसूक बाहेर पडेल," बहीण म्हणाली. "पण धारदार म्हणतेस. घशात रुतला, आतड्याला लागला..."

"पुरे!"

"ओतून दे की सगळं."

"आणि साहेबांना काय देऊ? ती विचारेल, गोड कुठंय, आई? मग काय सांगू? स्वयंपाकघर गेलंच म्हणून समज. उद्या दारालाच चिठ्ठी लागेल."

"मग गाळून बघ. नाहीतर लोहचुंबक फिरव."

सासूबाईंनी सॉर्बे गाळलं. गाळणीत चोथा उरला, टोक नाही. चोथा बोटांनी चिवडला. काही नाही. मग फ्रीजच्या दारावरचं फुलपाखराचं लोहचुंबक काढून धुतलं आणि डब्यात बुडवून गोल गोल फिरवलं. बाहेर आलं तेव्हा फुलपाखराला एकच पंख होता.

"अगं बाई," त्या खाली बसल्या.

पुन्हा गाळल्यावर पंख सापडला. टोक सापडलं नाही. या सगळ्या धावपळीत सॉर्बेचं सरबत झालं होतं. ते त्यांनी पुन्हा फ्रीजरमध्ये ठेवलं आणि चार वाजता काढलं तेव्हा पिवळी फरशी तयार होती.

तासाभरात माणसं येणार. त्या डोकं धरून बसल्या आणि मग त्यांना एक बिनतोड उपाय सुचला. टोक एकच आहे. ते सापडलं की उरलेलं सगळं निर्धोक. म्हणजे सापडेपर्यंत आपण खायचं. आपलं काय, आपण जपून चावू.

डाव्या दाढेत चांदी भरल्यापासून सासूबाई थंड पाण्याच्याही वाटेला जात नसत. आज त्या सुरीनं फरशी फोडून एकेक तुकडा तोंडात टाकत होत्या, जिभेनं चाचपत होत्या, भीत भीत चावत होत्या. पहिल्या वाटीला कानशिलं ठणकली. दुसरीला डोळ्यांतून पाणी आलं. तिसऱ्या वाटीला ओठ आपलेच आहेत की कोणाचे ते कळेना. जेमतेम दोन वाट्यांचा ऐवज उरला आणि दाराची बेल वाजली.

त्यांनी घाईघाईनं शेवटचा तुकडा दाढेखाली घेतला.

कट्!

त्यांनी हळूच तळहातावर काढून पाहिलं. करडं, टणक, तांदळाच्या दाण्याएवढं.

त्यांना रडूच आलं, आनंदाचं. तोवर कामावरून पाहुण्यांसोबतच आलेल्या सुनेनं किल्लीनं दार उघडून त्यांना बसवलं होतं. उरलेलं सॉर्बे दोन वाट्यांत भरून त्या स्वतः बाहेर घेऊन गेल्या. पाहुण्यांपुढं ठेवून बधिर ओठांनी "हे सुवुवात कवा" असं काहीतरी म्हणाल्या आणि परत आल्या. सून मागोमाग आत आली. तिची नजर पालथ्या घातलेल्या मिक्सरच्या भांड्यावर गेली आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"आई... मिक्सर वापरलात?"

सासूबाईंनी मूठ उघडली. "चूक झाली गं. पण सापडलं बघ. तेवढ्यासाठी तीन वाट्या खाल्ल्या. साहेबांच्या पोटात काही जाणार नाही."

सून त्या कणाकडं बघतच राहिली.

"हळू बोला, साहेब ऐकतील," ती कुजबुजली. मग तिनं वरच्या कप्प्यातल्या डब्यामागून कागदाची एक पुडी काढली. पुडीवर बारीक अक्षरात दोन महिन्यांपूर्वीची तारीख होती. आत पात्याचं चकचकीत टोक.

"मी मोडलं, आई. सरबतासाठी बर्फ घातला होता. तुमचा वीस वर्षांचा मिक्सर. तुम्हाला काय वाटेल या भीतीनं बोललेच नाही. ती चिठ्ठी मी त्यानंतर लावली."

"माझी भीती? तुला?"

"दोन महिने तुम्ही मिक्सरपाशी गेलात की माझा जीव वरखाली व्हायचा."

सासूबाईंना हसू फुटणार, तेवढ्यात दोघींची नजर एकदमच तळहातावर गेली. टोक जर पुडीत आहे, तर मग हे काय आहे? आणि असंच आणखी काही बाहेरच्या वाट्यांत तर नाही ना? सुनेनं त्यांचा दंड धरला.

बधिर ओठांत आता कुठं जीव येत होता. सासूबाईंची जीभ सावकाश डाव्या दाढेकडं गेली, एका नव्याच खड्ड्यात उतरली आणि तिथंच थांबली.

"आई? काय झालं?"

पुडीसारखाच एक कागद फाडून त्यांनी आपली चांदी त्यात ठेवली आणि पेन सुनेपुढं धरलं.

"घाल आजची तारीख."

बाहेरून साहेबांचा आवाज आला, "वा, काय झालंय! अजून मिळेल का थोडं?"