डोळ्यानं बघा, बोटानं न्हाई

शेषरावकाकांच्या एकाही शर्टाला पुढून बटण नाही. सगळी बटणं पाठीवर, लहान बाळाच्या झबल्याला असतात तशी. त्यामुळं शर्ट घालायला त्यांना रोज कुणीतरी लागतं. घरी असल्या की काकू लावतात. काकू माहेरी गेल्या की मी दुकानाचं कुलूप काढायच्या आधीच काका माझ्या दारात पाठ करून उभे असतात.

"भाऊ, तेवढी वरची दोन लावा. माजा हात पुरून न्हाई राहिला."

आखाडा बाळापूरच्या मोठ्या रस्त्यावर माझं झेरॉक्स आणि मोबाइलच्या काचा-कव्हरांचं दुकान आहे. शेजारी त्यांचा 'प्रज्ञा फोटो स्टुडिओ'. मधे एक भिंत. त्या भिंतीनं मला काय काय ऐकवलं आहे ते मी सांगत बसत नाही, पण शर्टाचं सांगायलाच हवं. कॅमेरा गळ्यात अडकवला की त्याची पाठ माणसाच्या छातीवर येते. त्या पाठीवर असतो स्क्रीन. माणूस चालायला लागला की स्क्रीन शर्टाच्या बटणावर घासतो, आणि घासला की ओरखडा उठतो. हा शोध काकांनी एका लग्नात उभ्याउभ्या लावला आणि दुसऱ्याच दिवशी कापड घेऊन टेलरकडं गेले.

टेलर म्हणाला, "काका, हे तर ब्लाउजचं काम झालं."

काका म्हणाले, "मंग ब्लाउज समजून शिवा. पर बटन मागं पायजे."

तेव्हापासून ते असंच चालू आहे. पट्ट्याचं बक्कलही ते पोटावर ठेवत नाहीत, कमरेच्या बाजूला सरकवतात. नवखा माणूस बघतो आणि म्हणतो, या गृहस्थानं आज घाईत कपडे केलेले दिसतात.

कॅमेरा तसा एकोणीस वर्षांचा आहे. त्याचं शटर दोनदा बदललंय, बॅटरी तर चार-पाचदा. आता पोरं ड्रोन उडवतात आणि नवरा-नवरीला शेतात पळायला लावतात. काकांकडं पासपोर्ट फोटो, बारशी आणि गरिबाघरची लग्नं उरली आहेत. त्याचं त्यांना काही वाटत नाही. त्यांचा जीव त्या काडेपेटीएवढ्या काचेत. फोटो काढला की लोक बघायला गर्दी करतात, आणि आपल्याकडं बघणं म्हणजे बोट ठेवून बघणं. "ही बघ मी, हा बघ आपला बाळू." बोट पुढं आलं की काका कॅमेरा छातीशी धरतात.

"डोळ्यानं बघा, बोटानं न्हाई. काचंला तकलीफ व्हते."

सगळ्यात मोठा वैरी म्हणजे हळदीचा कार्यक्रम. आमचा जिल्हा हळदीचा. वसमतच्या बाजारात पोत्यांच्या थप्प्या लागतात, आणि लग्नात ती तेलात कालवून नवरदेवाला कमी, पाहुण्यांना जास्त लावली जाते. त्या पिवळ्या बोटांमधून काका कॅमेरा डोक्यावर धरून फिरतात. अक्षतांचाही त्यांना धाक. तांदळाचा दाणा लहान दिसतो, पण फेकणारा मामा दणकट असला तर काय सांगावं! त्यांच्या बौद्ध समाजातल्या लग्नात फुलं टाकतात. तिथं मात्र ते निवांत असतात. "फुलानं काचंला काय व्हत न्हाई," असं त्यांचं पक्कं मत.

काच पुसायची त्यांची रीत मी धंद्यासाठी शिकून घेतली, हे कबूल करतो. शर्टाच्या टोकानं किंवा गमछ्यानं ते कधी पुसत नाहीत. आधी दाबून हवा मारायच्या रबरी फुग्यानं धूळ उडवायची, मग जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यानं एकाच दिशेनं हात फिरवायचा. "धूळ पुसली की तीच ओरखडती, भाऊ. आदी उडवायची, मंग पुसायची." स्क्रीनवर चिकटवायचा कागद ते माझ्याकडून नेत, पण कापायचे आणि लावायचे घरी, दार लावून. आणि कागद घ्यायचे दुधी. मी किती वेळा म्हणालो, "काका, साफ कागद घ्या, फोटो चकाचक दिसेल." नाही म्हणजे नाही. त्या दुधी कागदातून सगळं गाव धुक्यातलं दिसायचं. एक नवरी रडवेली होऊन म्हणाली होती, "मी येवढी धुरकट हाय का?" काका म्हणाले, "कागदावर चांगली येशील, बाई." मला वाटायचं, म्हातारा हट्टी आहे. हट्टी आहेतच, पण कारण वेगळं निघालं.

त्यांच्या मिशीचंही सांगून टाकतो. ती वाकडी होती. उगवायला वाकडी नव्हती, ठेवायला वाकडी. डावीकडचं टोक वर वळलेलं, उजवीकडचं खाली गेलेलं. सलूनवाल्यानं सरळ करायला कात्री उचलली की काका त्याचा हात धरत. "असंच असू द्या." गावानं टिंगल केली, मीही केली. एकदा मी त्यांना विचारलंही, दोन टोकांचं आपसात भांडण आहे का म्हणून. ते हसले, आणि हसताना ती मिशी आणखीच वाकडी झाली.

प्रज्ञा ही त्यांची एकुलती एक पोरगी. स्टुडिओला नाव तिचंच. नांदेडला नर्स आहे. सुट्टीला आली की स्टुडिओत येऊन बसायची. काका नवे फोटो दाखवायला कॅमेरा पुढं करायचे आणि ती दोन्ही हात पाठीमागं बांधून, वाकून बघायची. शाळकरी असल्यापासून तशीच. मी माझ्या दोन कार्ट्यांना तिचं उदाहरण द्यायचो. "बघा, किती शिस्तीची पोरगी! न सांगता हात मागं." आता ते आठवलं की माझीच मला लाज वाटते.

यंदा उन्हाळ्यात प्रज्ञाचं लग्न ठरलं. लग्नाला पंधरा दिवस असताना काका माझ्या दुकानात आले. चेहरा उतरलेला. शेजारच्या खेड्यातल्या हळदीत एका आजीनं नातवाच्या फोटोवर अंगठा टेकवला होता, आणि काठातून तेल-हळद कागदाखाली शिरली होती.

"कागद बदलावा लागतो, भाऊ. पर मला जमून न्हाई राहिलं. मोतीबिंदूचं आपरेशन झाल्यापून बारीक दिसत न्हाई." मग थांबून म्हणाले, "तुमाला डोळे मिटून बसवता येईल का?"

मी म्हणालो, "काका, डोळे मिटून मी फक्त झोपतो."

त्यांनी कॅमेरा काउंटरवर ठेवला. स्वतःच तोंड रस्त्याकडं फिरवलं. मी नखानं कोपरा उचलला, कागद ओढून काढला, आणि बघतच राहिलो. काच नवीकोरी असेल अशी माझी खात्री होती. तिच्यावर आडवा, खोल ओरखडा होता. एकोणीस वर्षं पाठीवर बटणं लावणाऱ्या माणसाच्या काचेवर! ओरखड्याचं डावं टोक वर वळलेलं होतं आणि उजवं खाली गेलेलं.

मी काचेकडं बघितलं, मग काकांच्या तोंडाकडं. त्यांनी नुसती मान हलवली.

"पोरीनं काढली," ते म्हणाले.

प्रज्ञा पाच वर्षांची होती. कॅमेरा नवा होता, उसनंपासनं करून आणलेला. काकूंनी हौसेनं काकांचा एक फोटो काढला होता. दुसऱ्यांचे फोटो काढणाऱ्याचा तेवढाच एक. तो स्क्रीनवर लावून काका जेवायला बसले. पोरीच्या आजोबांना मिशी होती, बापाला नव्हती. ती कमी तिनं आईच्या पदराची पिन घेऊन काचेवरच भरून काढली, आणि कॅमेरा उचलून पळत आली. "बाबा, तुमाला मिशी काढली!"

"म्या चापट मारली," काका म्हणाले. "एकच. पर जोरात. त्याच हातावर मारली. ती रडली बी न्हाई, भाऊ. हात मागं घेतला नुसता. तवापून तिचे हात मागंच हायेत."

दुकानात एक गिऱ्हाईक झेरॉक्सला आलं, त्याला मी उद्या ये म्हणालो.

महिनाभरानं काकांनी मिशी ठेवली. तिनं काढली तशी, हुबेहूब. पोरगी हसेल, चुकून हात लावेल, मग सगळं बराबर होईल, असा हिशेब होता. पण तोवर ती विसरून गेली होती. मिशी कुणाची, कुठली, काही आठवेना. हात मात्र मागंच राहिले. आणि आपण मारलं होतं हे तिला पुन्हा कसं सांगायचं, यात वर्षं गेली. ओरखडा कुणाला दिसू नये म्हणून दुधी कागद, आणि त्याच्यावर दुसरा ओरखडा उठू नये म्हणून ती सगळी बटणं.

"आता ती सासरी चालली. त्याच्याआदी सांगायचं हाय. पर तोंड उघडून न्हाई राहिलं."

मी काच पुसून नवा कागद उचलला. काका म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. लग्न व्हईस्तोवर उघडीच ऱ्हाऊ द्या."

ते पंधरा दिवस त्यांनी कॅमेरा गळ्यातसुद्धा घातला नाही, दोन्ही हातांवर घेऊन फिरले. आणि हळदीच्या आदल्या दिवशी वेगळंच संकट आलं. प्रज्ञानं बापाला सांगितलं, "बाबा, लग्नापुरती तरी मिशी सरळ करा ना. सासरची माणसं हसतील." तिला बिचारीला काय माहीत! काका थेट सलूनमध्ये जाऊन बसले. सलूनवाल्याची इतक्या वर्षांची इच्छा पुरी होत होती. त्यानं डावीकडचं थोडं कापलं, मग उजवीकडचं जास्त वाटलं म्हणून उजवीकडचं कापलं, मग पुन्हा डावीकडचं. दोन्ही बाजू सारख्या झाल्या तेव्हा मिशी उरली नव्हती. काका ओठावर रुमाल धरून बाहेर आले. मी हसायला तोंड उघडलं आणि मिटलं.

हळदीच्या दिवशी मी मांडवात पोचलो तर काकांनी मला बाजूला घेतलं.

"आज फोटो तुमी काढा. पर आदी शर्ट बदला. तुमच्या शर्टाला बटनं हायेत."

अशा रीतीनं त्या हळदीत मी दोन मापं मोठा, पाठीवर बटणं असलेला शर्ट घालून उभा होतो. बटणं काकांनी स्वतः लावली. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. माझी बायको सगळ्यांत जास्त.

मी बाप-लेकीचा फोटो काढला. स्क्रीनवर बघितलं, तर ओरखडा मांडवाच्या खांबावर आला होता. पुन्हा काढला, तो काकूंच्या कानावर आला. काकूंना बाजूला व्हायला सांगितलं, काकांना म्हणालो, "जरा डावीकडं सरका. आणखी जरा. आता हलू नका." काकांना काही कळेना. तिसऱ्या खेपेला जमलं. कॅमेरा मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी स्क्रीन बघितला आणि खालचा ओठ दातात धरला.

"प्रज्ञा," ते म्हणाले, "हिकडं ये."

ती पाटावरून उठून आली. दोन्ही हात हळदीनं भरलेले. तरी सवयीनं ते मागं गेले आणि साडीवर पाठीमागं पिवळे पंजे उमटले. ती वाकली.

"अगंबाई! बाबा, तुमची मिशी हितं कुटून आली?"

ती हसली. मग जवळून बघितलं. मग हसू थांबलं.

"बाबा, ही म्या काढली व्हती ना? आईच्या पिनंनं?"

"व्हय. तूच. अन् म्या मारलं व्हतं तुला. हातावर."

बायकांचं गाणं बंद पडलं. काकूंनी डोळ्याला पदर लावला. प्रज्ञा स्क्रीनवर आणखी खाली वाकली.

"मला न्हाई आठवत मारलेलं," ती म्हणाली. हे म्हणतानाही तिचे हात पाठीमागंच होते.

काकांनी कॅमेरा तिच्यापुढं धरला.

"लाव बोट."

"हळद लागलीय, बाबा."

"लागू दे. लाव तू."

तिनं एक हात पुढं आणला. फार हळू आणला. पिवळ्या बोटानं तिनं त्या मिशीवरून रेघ ओढली, डावीकडच्या वरच्या टोकापासून उजवीकडच्या खालच्या टोकापर्यंत. मग तेच बोट उचलून बापाच्या खऱ्या ओठावर तशीच मिशी काढली. काका रडत होते, आणि मी खिशातल्या मोबाइलवर फोटो काढायचा सोडून त्या ढगळ शर्टाच्या बाहीला डोळे पुसत होतो. तो फोटो कुणीच काढला नाही.

लग्नानंतर आठ दिवसांनी काका दुकानात आले. मिशी नव्यानं फुटत होती, डावं टोक आत्ताच जरा वर.

"कागद बसवा. दुधी नको, साफ द्या."

काचेवर हळद वाळून बसली होती, ओरखड्यात तर अगदी घट्ट. मी फुग्यानं धूळ उडवली आणि सवयीनं धोतराचा तुकडा उचलला. काकांनी माझं मनगट धरलं.

"पुसू नका."

धंद्यात इतकी वर्षं झाली, न पुसलेल्या काचेवर मी कधी काही बसवलं नव्हतं. त्या दिवशी बसवलं. मधोमध एक बुडबुडा राहिला. कार्डानं दाबला तरी जाईना.

"बुडबुडा राहिलाय, काका."

"ऱ्हाऊ द्या."

त्यांनी कॅमेरा गळ्यात घातला, दाराकडं निघाले, आणि उंबऱ्यापाशी पाठ करून उभे राहिले.

"भाऊ, वरचं एक सुटलंय वाटतं. तेवढं लावा."

मी जाऊन लावलं.