रूथबाईंसाठी सत्यनारायण

निशिकांतला स्वतःच्या योजनांचं भारी कौतुक. बँकेत दिवसभर लोकांच्या पैशांना कुठून धोका आहे ते शोधणारा हा गृहस्थ घरी मात्र काही बिघडूच शकत नाही अशा थाटात वावरायचा. त्याची आई, सरोजिनीबाई, पुण्याहून काही महिन्यांसाठी सिंगापुरातल्या बिशानच्या फ्लॅटवर राहायला आली तेव्हा त्याने जेवताना जाहीर करून टाकलं, "इराने रोज संध्याकाळी आजीला इंग्रजी पुस्तक मराठीत सांगायचं. इराचं मराठी सुधारेल आणि आईचा वेळ जाईल. एका दगडात दोन पक्षी."

"आणि दगड कुणाच्या डोक्यात पडणार?" नंदाने विचारलं. बायको होती, अनुभवाचे बोल होते.

त्यांची शाळकरी मुलगी इरा तेव्हा लायब्ररीतून आणलेली एक डायरी वाचत होती. म्हणजे खरीखुरी डायरी नव्हे. अमेरिकेचा इतिहास मुलांना गोडीने कळावा म्हणून कुणीतरी रचलेली. दीड-पावणेदोनशे वर्षांपूर्वी एल्सी नावाची मुलगी आईबापांबरोबर बैलगाडीतून पश्चिमेच्या नव्या मुलुखाकडे निघते आणि वाटेत रोज चार ओळी लिहिते. इराच्या वर्गात सध्या असल्या डायऱ्यांचं वेड होतं.

"आज आम्ही रिव्हर क्रॉस केली," इरा सांगायची. "एक बैल वाहून गेला. बाबा खूप सॅड आहेत."

"बैल गेला म्हणजे घरातला कर्ता माणूस गेला गं," सरोजिनीबाई कळवळून म्हणायच्या.

"आजी, खरं नाहीये. स्टोरी आहे लाह." शाळेतल्या सिंगापुरी पोरांचं हे 'लाह' इराच्या वाक्यांनाही अधूनमधून चिकटायचं.

"स्टोरी कशी? डायरी आहे ना? लग्न झाल्यापासून मी डायरी लिहितेय, त्यात एक अक्षर खोटं नाही. डायरीत कोण कशाला खोटं लिहील?"

निशिकांत सोफ्यावरून हे ऐकायचा आणि आपल्याच योजनेवर खूश व्हायचा. इतका खूश, की आईला दुरुस्त करावं हेही त्याला सुचलं नाही.

मग एका संध्याकाळी एल्सीची आई, रूथ, तापाने फणफणली. तिला गाडीत निजवलंय, पाणी संपत आलंय आणि गाव कुठे दिसत नाही, असं इराने सांगितलं. सरोजिनीबाईंनी समोरचा चहाचा कप बाजूला सारला आणि हात जोडले.

"त्या पोरीची आई उठून बसेपर्यंत मला चहा वर्ज्य. आणि ती बरी झाली की सत्यनारायण घालीन."

निशिकांत उडालाच. "आई, हे सगळं होऊन दीडशे वर्षं उलटली."

"आपल्यापर्यंत अजून कुठे पोचलंय? इराने पुढचं वाचलं नाही तोवर काही ठरलेलं नाही."

निशिकांतने कप पुन्हा आईपुढे सरकवला; तिने तो पुन्हा बाजूला सारला.

चहा म्हणजे सरोजिनीबाईंचं अर्धं रक्त. तो सुटला आणि घराची कळा गेली. पहिल्या दिवशी त्यांनी लिफ्टला नावं ठेवली, मग नंदाच्या आमटीला, मग निशिकांतच्या मागे सरकत चाललेल्या केसांना. हे तरी बरं होतं. पुढे त्यांनी बोलणंच सोडलं. डोक्याला घट्ट फडकं बांधून त्या पडून राहिल्या, जेवणही दोन घासांवर आलं. म्हातारं माणूस, परका देश! निशिकांत मनापासून घाबरला. त्याने इराला स्वयंपाकघरात गाठलं.

"ती रूथ बरी कधी होते?"

"होत नाही. शी डाइज, बाबा. मी पुढे वाचलंय."

"आज ती बरी होणार आहे."

"बट दॅट्स लाइंग."

"लाइंग नाही, ॲडजस्टमेंट," बँकेतला माणूस म्हणाला.

त्या संध्याकाळी इराने फरशीकडे बघत सांगितलं, "आज आई उठली. तिने सूप प्यायलं. द एंड."

सरोजिनीबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्यांनी इराचा मुका घेतला, डोक्याचं फडकं सोडलं आणि पाठोपाठ दोन कप चहा घेतला. निशिकांतने नंदाकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

"आता या रविवारी सत्यनारायण," सरोजिनीबाई बशी ठेवत म्हणाल्या.

"अगं, झाली ना ती बरी. कशाला आता?"

"नवस बोललेय मी. देवाला फसवायचं नसतं, निशिकांत."

खरं काय ते आता सांगून टाकायला हवं होतं. पण बोलणार कोणत्या तोंडाने?

सरोजिनीबाईंनी इथल्या भजनाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आपल्या आवाजात आमंत्रण धाडलं: अमेरिकेतल्या आमच्या एका लेकराची आई मरणाच्या दारातून परत आली, त्याचा नवस आहे, सगळ्यांनी प्रसादाला या. नंदाची धाकटी बहीण गार्गी अमेरिकेत असते आणि तिला एक मुलगी आहे, हे सिंगापुरातल्या अर्ध्या मराठी मंडळींना ठाऊक होतं. पुढचं त्यांनी आपापसात जुळवलं.

रविवारी भजनाच्या ग्रुपमधली, मरीन परेडला राहणारी अदिती सगळ्यांच्या आधी आली. तिने नंदाचे दोन्ही हात धरले. "किती सोसलंस गं. एका शब्दाने बोलली नाहीस."

नंदाला वाटलं, ही सासूबाईंच्या मुक्कामाविषयी बोलतेय. "चालायचंच," ती हळूच म्हणाली. "आता थोडेच दिवस राहिलेत."

अदितीने तोंडाला पदर लावला आणि कोपऱ्यात जाऊन फोनवर भराभरा टाइप करू लागली.

पूजा सांगायला पद्माकर आला होता. आठवडाभर आंग मो किओ भागातल्या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत इंजिनिअर, रविवारी गुरुजी. निशिकांत सोवळं नेसून पाटावर बसला, शेजारी नंदा. संकल्प आला.

"कुणासाठी पूजा? नाव सांगा."

"रूथ," सरोजिनीबाई म्हणाल्या.

पद्माकरने पोथीतून मान वर केली. "गोत्र?"

"ते काही डायरीत आलं नाही."

"गोत्र माहीत नसलं की काश्यप धरायचं," पद्माकर शांतपणे म्हणाला. इथली निरनिराळी लग्नं लावून तो पार तयार झाला होता. अशा रीतीने अमेरिकेच्या माळावरच्या रूथबाई काश्यप गोत्रात दाखल झाल्या.

"रूथ कोण?" अदितीने विचारलं. "पूजा गार्गीसाठी नाही?"

तेवढ्यात नंदाचा फोन वाजला. नंदा पाटावर, म्हणून अदितीने उचलला. पडद्यावर गार्गी, केस विस्कटलेले, झोपेतून उठलेली.

"ताई, मी किती दिवसांची सोबती आहे ते एकदा मलाही सांगून टाक. सगळे मेसेज करून धीर देताहेत."

मग उलगडा करणं आलंच. निशिकांतने मान खाली घालून पुटपुटत सांगितलं, की रूथ पुस्तकातली आहे. कुणी खोकलं, कुणी रुमालात तोंड लपवलं. सरोजिनीबाईंवर याचा ढिम्म परिणाम झाला नाही.

"पुस्तकातली असली म्हणून काय झालं? ताप तर आला होता ना बिचारीला? देवाने तारली."

इतका वेळ भिंतीला टेकून उभी असलेली इरा हुंदके देऊ लागली. "नाही तारली, आजी. ती मेली. बाबांनी मला खोटं सांगायला लावलं."

निशिकांतच्या हातात पळी तशीच राहिली.

"आई, तू चहा सोडला होतास. जेवत नव्हतीस. मला भीती वाटली गं."

सरोजिनीबाईंनी त्याच्याकडे बघितलंच नाही. त्यांनी इराला जवळ घेतलं, पदराने तिचे डोळे पुसले.

"कधी गेली?"

"पुढच्याच पानावर."

"आणि पोर?"

"तिने फुलं ठेवली. मग ते पुढे गेले. थांबता येत नाही ना आजी, स्नो येतो."

सरोजिनीबाईंनी इराच्या केसांवरून हात फिरवला. पद्माकर पोथी उघडी धरून थांबला होता, पाहुण्यांतही आता कुणी हसत नव्हतं.

"आता तिला बघायला कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"तिचे बाबा."

सरोजिनीबाईंनी मान वर केली आणि सोवळ्यात बसलेल्या, पळीतलं पाणी स्वतःच्याच गुडघ्यावर सांडणाऱ्या आपल्या मुलाकडे नीट निरखून पाहिलं.

"मग कठीण आहे गं पोरीचं," त्या म्हणाल्या.