स्तानिया अजून शिकते आहे

मंगळवारचा जर्मनचा वर्ग नुकताच सुरू झाला होता. ट्राइलो मास्तरांनी आपला कॉम्प्युटर चालू केला आणि त्यांचा हात माउसवर तसाच राहिला. पडद्यावर वर्गातल्या सगळ्यांची नावं असत, आणि ज्याचा धडा चालू असेल त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका लागे. आज तो स्तानियाच्या नावापुढेही लागला होता. स्तानियाला मागच्याच महिन्यात गावानं टेकडीवर नेऊन पुरलं होतं.

"बिघाड आहे," मास्तर मोठ्यांदा म्हणाले. कोणी काही विचारलेलंच नसल्यामुळे सगळे उठून बघायला आले.

सगळ्यांत पुढे फ्लोरिका. तिला व्हिएन्नात म्हाताऱ्यांची देखभाल करायला जायचं होतं, आणि त्यासाठी जर्मनची परीक्षा आडवी येत होती. "मास्तर, ही आपली स्तानियाकाकू?"

"बिघाड आहे म्हटलं ना!"

"बिघाड कसा? ती उत्तरं देतेय. आणि माझ्यापेक्षा जास्त बरोबर देतेय!"

"तुझ्यापेक्षा जास्त बरोबर ही शेगडीसुद्धा देईल. जागेवर जा."

फ्लोरिका जागेवर गेली, पण जाताना तिनं छातीवर क्रूस काढला, आणि तिच्या मागोमाग सगळ्या वर्गानं काढला. खिडकीबाहेर डॅन्यूब नदीवरून धुकं वर येत होतं. मास्तरांनी पडदे ओढून घेतले.

आमच्या गोलुब्नित्सा गावात निम्मी घरं वर्षभर कुलूपबंद असतात, कारण माणसं व्हिएन्नात आहेत. उरलेल्यांना एकतर तिकडे जायचं असतं, नाहीतर तिकडच्यांशी बोलायचं असतं. म्हणून मास्तरांनी शाळेतून निवृत्त झाल्यावर सांस्कृतिक भवनाच्या खोलीत जुने कॉम्प्युटर मांडून हा वर्ग काढला. त्या पेट्यांवर त्यांचा पोटच्या पोरांसारखा जीव. भाषा बसून शिकायची असते, पाठ ताठ, पाय जमिनीवर, हा त्यांचा धर्म. मोबाइल दिसला की त्यांचं डोकं फिरायचं.

स्तानियाचं आणि त्यांचं बिनसलं ते याच्यावरूनच. तिची सून ऑस्ट्रियाची, नात फक्त जर्मन बोलणारी. नातीशी बोलायचं म्हणून स्तानिया वर्गात आली आणि थोड्याच दिवसांत बाहेर पडली. तेच धडे ती मोबाइलवर करायला लागली. शेळीची धार काढताना फोन दोन गुडघ्यांत, मुरंबा ढवळताना फोन फळीवर. हात लागला की थेट धडाच उघडेल अशी सोय तिनं सुनेकडून करून घेतली होती.

"मास्तर, तुमची पेटी गोठ्यात नेता येत नाही," ती भर दुकानात म्हणाली होती.

त्यावर मास्तर तडकले. "फोनवर शिकलेलं जर्मन फोनबरोबरच मातीत जाईल, लिहून ठेव!"

पुढे महिनाभरातच तिचं हृदय बंद पडलं, आणि फोन खरोखरच तिच्याबरोबर गेला. मेलेल्या माणसाला तिकडे जे लागेल ते आम्ही शवपेटीत ठेवतो. कंगवा, चष्मा, आवडीची चादर. तिच्या नवऱ्यानं, पाऊननं, रडत रडत स्वतःच्या हातानं फोन ठेवला, पूर्ण चार्ज करून, वर चार्जरही.

"चार्जर कशाला, पाऊनकाका?" फ्लोरिकानं हळूच विचारलं होतं.

"तिकडे वीज नसेल असं तुला कोणी सांगितलं?"

मास्तर त्या दिवशी सगळ्यांच्या मागे उभे होते आणि आपली जीभ चावत होते.

आता तेच मास्तर बिघाड, बिघाड करत राहिले, पण पुढच्या वर्गातही ठिपका लागला. त्या धड्यांत एक भाग तोंडी उत्तरांचा असतो, आणि प्रत्येकाचा आवाज मास्तरांना ऐकता येतो. फ्लोरिका नको नको म्हणत असतानाच त्यांनी स्तानियाच्या नावावर माउस दाबला.

आधी काहीच नाही. मग खरखर झाली, कोरडी, दाणेदार, काहीतरी ओघळत असल्यासारखी. मग एक जड श्वास. मग धप्प. लांब कुठेतरी शेळीची घंटा वाजली आणि सगळं थांबलं.

"माती," फ्लोरिका म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "माती पडतेय तिच्या अंगावर."

"आणि शेळी?" मास्तरांनी विचारलं खरं, पण त्यांचाही आवाज नीट निघाला नाही.

"तिला तिथेसुद्धा शेळी दिलीय म्हणजे," मागून कोणीतरी म्हणालं. "आयुष्यभर शेळ्याच वळल्या बिचारीनं."

त्यानंतर वर्गाची रया गेली. खिडकीजवळचा कॉम्प्युटर कोणी न ठरवता स्तानियाचा झाला. त्याच्यासमोर खुर्ची मोकळी राहू लागली, कोणी कॉफीचा पेला ठेवी, कोणी चीज घातलेली गरम पोळी. "कीबोर्डवर मेणबत्ती लावायची नाही!" असं मास्तरांना चार लोकांत ओरडावं लागलं, आणि जर्मनच्या मास्तरावर अशी वेळ आजवर आली नसेल. वर एकेक जण गळायला लागला. मेलेल्या बाईला मोबाइलवर जमतं तर आपण जिवंत माणसांनी थंडीत भवनापर्यंत का तंगडतोड करायची, हा गावाचा विचार. त्यात खोट काढणं अवघड होतं.

अशा अर्ध्या रिकाम्या वर्गात एके दिवशी पाऊन आला. अंत्यविधीला घातलेला आणि तेव्हापासून रोज अंगावर असलेला काळा कोट, हातात टोपी. पाऊनला एका कानानं कमी ऐकू येतं आणि दुसऱ्या कानानं तो ऐकत नाही, त्यामुळे तो आला की सगळेच ओरडून बोलतात.

"मास्तर, मला शिकवा."

"पाऊनदादा, तुम्हाला आता जर्मन कशाला?"

पाऊन टोपी फिरवत राहिला. "सगळं गाव सांगतंय, ती शिकतेय म्हणून. हयातीत मी तिला हसत होतो. म्हणायचो, शेळीला कळतं का तुझं जर्मन? आता ती तिकडे रोज पुढे चाललीय. मी आज ना उद्या जाणारच. गेल्यावर ती माझ्याशी जर्मनमध्ये बोलायला लागली, आणि मला एक अक्षर कळलं नाही, तर? तिकडे दुसरं आहे कोण माझं?"

"या जगात यांकू आहे ना," फ्लोरिका मोठ्यांदा म्हणाली. यांकू म्हणजे त्याचा व्हिएन्नातला मुलगा.

"तो फोनच करत नाही. आई गेल्यापासून एकदासुद्धा नाही."

"अहो काका, तो मला करतो! बाबांचा फोन बंद का असतो म्हणून विचारतो!"

"बंद? माझा? रोज चार्ज करतो मी. त्याला कारणच हवंय."

मास्तरांनी पाऊनला कॉम्प्युटरसमोर बसवलं, पाठ ताठ, पाय जमिनीवर. पाऊन पडद्यात नाक खुपसून टेबलावर रेलला. आणि मास्तरांच्या पडद्यावर स्तानियाचा ठिपका लागला.

"आली," फ्लोरिका कुजबुजली.

पाऊनचे डोळे भरून आले. "मी आलो की ती येते?"

तसंच झालं होतं. पुढच्या वर्गातही पाऊन टेकून बसला की ठिपका लागायचा. शेगडीनं उकडायला लागलं की तो कोट काढून खुंटीला अडकवायचा, आणि ठिपका मालवायचा. हे फ्लोरिकाच्या लक्षात आलं आणि तिनं खुर्ची त्या कोटापासून जितकी लांब नेता येईल तितकी नेली. मास्तर चाळीस वर्षं पोरांना भुतंखेतं नसतात असं शिकवत आले होते. पण त्या दिवशी त्यांनीही खुंटीकडे पाठ केली नाही.

शेवटी त्यांनी मनाचा हिय्या केला. "मी तिला फोन लावतो."

"मास्तर!" सगळा वर्ग ओरडला. मेलेल्या माणसाला फोन लावायचं आजवर कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"नाही लागला तर बिघाड. लागला तर..." पुढचं त्यांना सुचेना. खिशातून त्यांनी आपला बटणांचा जुना फोन काढला आणि नंबर दाबला.

मग भिंतीवरचा काळा कोट आतून उजळला. बाह्या लोंबत होत्या, गळा रिकामा होता, आणि छातीतून लग्नातल्या बँडचे कर्णे कर्कश वाजायला लागले. ती स्तानियाच्या फोनचीच धून होती. फ्लोरिका टेबलाखाली गेली. दोघंजण दाराकडे पळाले आणि एकमेकांवर आपटले. मास्तर जागच्या जागी उभे राहिले, त्याला धैर्य म्हणता येईल, पण त्यांचे पाय त्यांचं ऐकत नव्हते.

पाऊन मात्र उठला, शांतपणे कोटाच्या खिशात हात घातला, शेळ्यांसाठी ठेवलेले मक्याचे दाणे बाजूला केले आणि फोन काढला. "हा माझा आहे," तो म्हणाला. "पण हे गाणं माझं नाही."

मास्तरांनी फोन हातात घेतला. पडद्यावर फोन करणाऱ्याचं नाव होतं: खत्रूड मास्तर. स्तानियानं त्यांचा नंबर ज्या नावानं ठेवला होता ते पाहून ते लालेलाल झाले, आणि त्याच क्षणी त्यांना सगळा उलगडा झाला. यांकूनं आईबापांत भांडण नको म्हणून दोघांना एकसारखे फोन आणले होते, कव्हरसुद्धा एकाच रंगाचं. पाऊननं रडत्या डोळ्यांनी पेटीत स्वतःचाच फोन ठेवला होता, म्हणून यांकूला तो कायम बंद लागत होता. तिचा फोन त्याच्या खिशात होता, आणि तो रेलला, चालला, शेळ्यांमागे धावला की मक्याचे दाणे बोटांसारखे धडे सोडवत होते.

"पाहिलंत?" मास्तर गरजले. त्यांच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं होतं. "मका! तुमच्या मोबाइलवर मकासुद्धा पास होतो! कॉम्प्युटरवर झालं असतं का हे?"

वर्ग हसायला लागला. फ्लोरिका टेबलाखालून बाहेर आली. हसत नव्हता तो एकटा पाऊन.

"मग तिच्याबरोबर काय गेलं?"

"तुमचा फोन."

"त्यात जर्मन आहे?"

मास्तरांनी नकारार्थी मान हलवली.

"म्हणजे ती तिकडे फोन उघडते, आणि आत काहीच नाही." पाऊन खाली बसला. "तिचं सगळं मी खिशात घालून हिंडतोय. मक्यात."

त्याचं समाधान करायला सगळे धावले, पण तो कोणाचंच ऐकेना. रविवारी स्तानियाच्या नावानं जेवण होतं. अशा जेवणात मेलेल्याची वस्तू जिवंत माणसाला द्यायची रीत आहे. इकडे तो ती वापरेल तशी तिकडे मेलेल्याला ती पोचते, आणि दिलेली वस्तू नाकारायची नसते. अंगणातल्या लांब टेबलाशी सगळं गाव बसलं होतं, स्तानियाची खुर्ची मोकळी होती, आणि पाऊन जळत्या मेणबत्तीवरून फोन पुढे धरून उभा होता.

फ्लोरिकानं हात पुढे केला. "द्या काका, मी करते रोज धडे."

"तू नको. तू चुकतेस. तिकडे ती चुकीचं शिकेल." पाऊन टेबलाच्या टोकाकडे वळला. "मास्तर, तुम्ही घ्या."

"मी? मोबाइल?"

"घ्या हो," फ्लोरिका त्यांच्या कानात म्हणाली, "नाही म्हणायचं नसतं." तिला हसू आवरत नव्हतं.

मास्तरांनी त्या मोकळ्या खुर्चीकडे एकदा पाहिलं, दुकानातलं आपलं बोलणं त्यांना आठवलं, आणि त्यांनी फोन घेतला. "देव तिला पोचवो," ते पुटपुटले.

त्यांना वाटलं होतं, घरी टेबलाशी ताठ बसून उरकून टाकू. पाऊन ऐकेना. ती कधी बसून शिकली नाही, असं त्याचं म्हणणं. म्हणून आता रोज सकाळी आमच्या गावात हे दृश्य दिसतं: पुढे शेळ्या, मागे पाऊन, त्याच्या मागे हातात मोबाइल घेऊन ट्राइलो मास्तर, काट्यांत अडखळत. फोनला त्यांचं जर्मन काही केल्या पटेना. चाळीस वर्षं शिकवलेली भाषा, आणि यंत्र म्हणे, पुन्हा म्हणा.

परवा धुक्यात फोननं विचारलं, तुमचं नाव काय? मास्तरांनी सांगितलं. पुन्हा म्हणा. त्यांनी ओरडून सांगितलं. पुन्हा म्हणा.

"तुमचं नाव कोण विचारतंय?" पाऊन म्हणाला. "फोन तिचा आहे."

मास्तरांनी मागेपुढे पाहिलं. मग अगदी हलक्या आवाजात जर्मनमध्ये म्हणाले, "माझं नाव स्तानिया."

बरोबर, फोन लगेच म्हणाला, आणि पुढचा प्रश्न आला. मास्तरांनी फोन थोडा लांब धरला.

"आता काय विचारतोय?"

"घरी कोण कोण असतं, असं विचारतोय."

पाऊननं टोपी काढली. "सांगा. पाऊन असतो म्हणावं. बँडाचं गाणं तसंच ठेवलंय म्हणावं. तोही शिकतोय, पण त्याला वेळ लागेल, थांब म्हणावं."

एवढं लांब वाक्य त्या धड्यात कुठेच नव्हतं. तरी मास्तरांनी ते जर्मनमध्ये केलं, शब्द न शब्द, आणि फोनला सांगितलं. फोन बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, बरोबर.

शेळ्या एव्हाना फ्लोरिकाच्या कोबीत शिरल्या होत्या. ती कुंपणापाशी उभी राहून दोघांना लाखोली वाहत होती, पण तिच्याकडे लक्ष द्यायचं दोघांपैकी कोणालाच सुचलं नाही.